मोबाईलमधले पंधरा महिने

*ताई, माझे यजमान सत्तेचाळीस वर्षांचे, हायस्कूलला गणित शिकवतात. दिवाळीनंतर वर्गातच त्यांना फीट आली. पुण्यात ऑपरेशन करून मेंदूतली गाठ काढली. रिपोर्टमध्ये ग्लिओब्लास्टोमा, ग्रेड ४ असं आलं. मुलगी बारावीला आहे. तिनं मोबाईलवर शोधलं, तर पंधरा महिने असं दिसलं. ती रात्रभर रडत होती. मामंजी म्हणतात, त्याला काही कळता कामा नये, हाय खाईल. म्हणून आम्ही साधी गाठ होती असंच सांगितलंय. सोमवारपासून शेक (रेडिएशन) आणि केमोच्या गोळ्या सुरू होतील. हल्ली ते रात्री दोनला उठून खायला मागतात, कधी आवाज न चढवणारा माणूस लेकीवर खेकसतो. नणंदेचे यजमान म्हणतात, केमो नको, काढा द्या. खरं सांगा, किती दिवस राहिलेत?*
*– एक पत्नी, सातारा जिल्हा*

खरं सांगा म्हणालात, म्हणून आधी तेच सांगते. मेंदूत सुरू होणाऱ्या कर्करोगांतला हा फार चिवट प्रकार आहे. ऑपरेशनमध्ये दिसणारी गाठ निघते, पण तिच्या पेशी आजूबाजूच्या चांगल्या मेंदूत शिरलेल्या असतात आणि तिथे सर्जनला हात घालता येत नाही. शेक आणि गोळ्या त्यासाठीच. एवढं करूनही बहुतेकांत तो कधी ना कधी परत येतो. त्यामुळे आज आपण बोलतोय ते आयुष्य लांबवण्याबद्दल आणि ते चांगलं जाण्याबद्दल. हे वाचताना तुम्हाला काय होईल याची मला कल्पना आहे. तरी तुम्ही विचारलंत, आणि तुम्हाला अंधारात ठेवणं मला पटत नाही.

आता लेकीनं वाचलेले ते पंधरा महिने. हा आकडा बहुतेक २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून फिरत आलेला आहे. शेकाबरोबर टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या द्यायची पद्धत त्या अभ्यासाने रूढ केली. त्यात ५७३ रुग्ण होते. ज्यांना शेक आणि गोळ्या दोन्ही मिळाल्या, त्यांच्या जगण्याचा मध्यक १४.६ महिने आला. मध्यक म्हणजे काय ते तुमचे सर दहावीच्या वर्गाला दरवर्षी शिकवत असतील : निम्मे त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे. ती कुणा एकाची मुदत नव्हे. त्याच गटातले शंभरातले सव्वीस-सत्तावीस दोन वर्षांनंतर हयात होते आणि दहाच्या आसपास पाच वर्षांनंतरही. दहा म्हणजे थोडेच, हे मी लपवत नाही. पण ते होते, आणि पहिल्या दिवशी त्यांच्या घरच्यांनाही कुणी सांगू शकलं नसतं की आपला माणूस कुठल्या निम्म्यात आहे.

थोडाफार अंदाज मात्र बांधता येतो, आणि त्यासाठी तुमच्याजवळची फाइल उघडावी लागेल. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये एमजीएमटी नावाची तपासणी शोधा. तिच्यापुढे 'मेथिलेटेड' असं लिहिलं असेल तर गोळ्या जास्त परिणाम करतात. अशा रुग्णांना दोन्ही उपचार दिल्यावर मध्यक २१.७ महिन्यांपर्यंत गेलेला दिसला. तसं नसेल तर तो १२.७ महिने होता. दुसरं नाव आयडीएच, हे एक जनुक. त्यात बदल सापडला तर २०२१ पासून या गाठीला ग्लिओब्लास्टोमा म्हणतच नाहीत, तो आजार वेगळा धरतात आणि त्याची वाटचाल बरीच लांबची असते. या तपासण्या रिपोर्टमध्ये नसतील तर त्या झाल्या आहेत का, हे डॉक्टरांना सरळ विचारा. शिवाय वय, गाठ किती निघाली, माणूस स्वतःचं स्वतः किती करू शकतो, यावरही बरंच ठरतं. सत्तेचाळीस हे वय या आजारात जमेची बाजू आहे.

रात्री दोनची भूक आणि चिडचिड मला नवी वाटत नाही. सरांना डेक्सामेथासोन चालू आहे का बघा. मेंदूची सूज उतरवायला ते स्टेरॉइड देतात. त्याने भूक खवळते, झोप उडते, साखर चढते, आणि शांत माणूसही एका शब्दावर भडकतो. फीटच्या काही गोळ्यांनीही चिडचिड होते, आणि कधी कधी गाठीमुळेही स्वभाव बदलतो. डॉक्टरांना हे सांगा. डोस कमी करता येतो, वेळ सकाळची करता येते. आपल्या मनाने गोळी बंद करू नका, स्टेरॉइड अचानक थांबवणं धोक्याचं असतं. आणि आज रात्रीच मुलीला जवळ घेऊन सांगा की बाबा तुझ्यावर रागावलेले नाहीत, हे औषधामुळे होतंय. ती मोबाईलवर एकटीने वाचत बसली आहे, ते आधी थांबू दे.

मामंजींचं म्हणणं मला मान्य नाही. ते मायेपोटी बोलतात हे कळतं. तरी विचार करा, शेकासाठी चेहऱ्यावर जाळीचा साचा बसवून डोकं टेबलाला पक्कं करतात, आठवड्यातले पाच दिवस, साधारण सहा आठवडे. आजूबाजूच्या बाकांवर कर्करोगाचेच रुग्ण बसलेले असतात. साध्या गाठीला एवढं कशाला, हा प्रश्न गणिताच्या शिक्षकाला पडणार नाही? माझी तर खात्री आहे, त्यांना बरंचसं कळलेलं आहे आणि तुम्ही घाबराल म्हणून तेही गप्प आहेत. एका घरात सगळे एकमेकांपासून तेच लपवताहेत, आणि त्यात सर सगळ्यांत एकटे पडलेत.

सगळं एका बैठकीत सांगायची गरज नाही. "तुम्हाला स्वतःला काय वाटतंय, कसली गाठ असेल?" एवढंच विचारा आणि थांबा. ते जितकं विचारतील तितकंच खरं उत्तर द्या. महिने ऐकायचे नसतील तर ते तसं सांगतील, त्यांचा तो हक्क आहे. आजाराचं नाव डॉक्टरांनी सांगावं असं वाटत असेल तर आधी फोन करून तशी विनंती करा, आणि त्या भेटीला मामंजींनाही न्या.

घाई करायला सांगते त्यालाही कारण आहे. पुढे या आजारात बोलणं, आठवण, निर्णयाची समज यांवर परिणाम होऊ शकतो. बँकेतली नावं, पेन्शनचं नॉमिनेशन, घराचे कागद, मुलीच्या शिक्षणाची तजवीज हे सगळं त्यांनी स्वतः, स्वतःच्या सहीने करायला हवं. शेवटी व्हेंटिलेटर हवा की नको, हेही त्यांना नोटरीसमोर लिहून ठेवता येतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली.

काढ्याबद्दल थोडक्यात. गोळ्यांमुळे रक्तातल्या पेशी कमी होतात, यकृतावर ताण येतो, म्हणून वरचेवर रक्त तपासतात. त्यात काय मिसळलंय ते माहीत नसलेला काढा डॉक्टरांना न दाखवता देऊ नका, आणि त्याच्यासाठी उपचार तर मुळीच सोडू नका.

शेक संपल्यावर पहिल्या काही महिन्यांतला एमआरआय कधी कधी वाईट दिसतो. तो दर वेळी आजार वाढल्याचाच नसतो, उपचाराचा परिणामही तसाच दिसतो, तेव्हा तो बघून घरात रडारड करू नका. पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या देखभालीची, ओळख आत्ताच करून घ्या. तुमचे उपचार पुण्यात आहेत, वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र आहे, तिथे पैसे घेत नाहीत. डोकेदुखी, उलट्या, झोप, घरच्यांची घालमेल यांसाठीही तिथे मदत मिळते. तिथे जाणं म्हणजे हात टेकणं, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

एक काम आजच करा. पुन्हा फीट आली तर सरांना कुशीवर वळवायचं, कपडे सैल करायचे, तोंडात चमचा किंवा पाणी घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. घड्याळ बघायचं, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन लावायचा. मामंजी आणि मुलगी, दोघांनाही हे प्रत्यक्ष करून दाखवा.