आराम करायला सांगूच नका

तुम्ही विचारलंय की वडील ५८ ला रिटायर झाले, तरी दिवसभर शेजारपाजारचे नळ दुरुस्त करत हिंडतात, लोक हसतात. त्यांना आराम करायला कसं पटवायचं आणि कोणता छंद सुचवायचा. पटवू नका. हसतात त्यांना हसू द्या, नळ गळायला लागला की तेच दार वाजवतील.

जरा चिडूनच लिहितोय, कारण हे माझा धाकटा भाऊ मला कायम ऐकवतो. मी जिल्हा परिषदेत लेखा विभागात होतो. निवृत्तीनंतर गावच्या वाचनालयात पुस्तकं बांधायला बसू लागलो. फुकट. अनुदान कधी येईल याचा भरवसा नाही, बाइंडरला द्यायला पैसे नाहीत, आणि फाटक्या पुस्तकांनी एक कपाट गच्च भरलेलं. बांधणी मला ऑफिसातल्या एका शिपायानं शिकवली होती; जुनी कॅशबुकं तोच शिवायचा.

आधी कण्यावरचा वाळलेला डिंक ओल्या फडक्यानं मऊ करून खरवडायचा. फर्मे, म्हणजे घडी घालून एकात एक बसवलेल्या पानांचे जुडगे, सुटे करायचे, घडीत फाटलेल्यांना पातळ कागदाची पट्टी लावायची. मग दोऱ्यावर मेण घासून घडीतून शिवायचं. हल्ली कडेनं टाके मारून मोकळे होतात, त्यात समास जातो आणि पुस्तक उघडं राहत नाही. घडीतून शिवलेलं ताटाशेजारी उघडं ठेवून वाचता येतं. (वाचनालयाचं पुस्तक जेवताना वाचू नये. मी वाचतो.) खळ मैद्याची, तीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट), नाहीतर कसर लागते. खळ पातळ झाली की अस्तराला सुरकुत्या पडतात. आमच्याकडे पुस्तकं दाबून ठेवायचा शिकंजा नाही, म्हणून रात्रभर पुस्तकांवर पाटा.

तर दिवाळीत सगळ्यांसमोर भाऊ म्हणाला, "दादा, पेन्शन चालू आहे ना? मग हे रिकाम्या न्हाव्याचे उद्योग कशाला?" मी धोंडो केशव कर्व्यांचं सांगितलं. १९३६ साली, ७८ व्या वर्षी, खेड्यांत प्राथमिक शाळा काढायला त्यांनी मंडळ स्थापन केलं; समता संघ १९४४ चा, तेव्हा पंचाऐंशी उलटलेली. तर म्हणतो, "ते कर्वे होते. तू कोण?" सगळे हसले. तेव्हा फराळ चालला होता म्हणून गप्प बसलो, उत्तर इथे देतो.

मी कोणी नाही, म्हणूनच. कर्वे घरी बसले असते तरी लोक त्यांना भेटायला आले असते. लेखा विभागातल्या माणसाला निवृत्तीनंतर फोन येतो तो जुनी फाइल सापडत नाही म्हणून, मग तोही बंद होतो. अशात एखादी शाळकरी मुलगी काउंटरशी येऊन "काका, दुसरा भाग झाला का बांधून?" विचारते, आणि दुसऱ्या दिवशी मी वाचनालय उघडायच्या आधी दारात असतो. सुडोकू अर्धवट टाकला तर कुणाचं काय अडतं? भावाकडे सुडोकूची थप्पी आहे. सकाळी सगळ्यांना गुड मॉर्निंगची फुलं पाठवून झाली की दुपारी "वेळ जात नाही रे दादा" म्हणून फोन मलाच करतो.

आता हेही सांगायला हवं. वडिलांना चक्कर, बीपी असेल तर शिडीवर चढू देऊ नका. घरातल्या कटकटीला कंटाळून बाहेर पडत असतील तर गोष्ट वेगळी. ते मला विचारू नका, त्यांना विचारा. आणि बायको मागून वाचतेय, ती म्हणते, तुम्ही खळ ढवळता तेव्हा वरण कोण ढवळतं तेही लिहा. ती. तिला ५८ ला कुणी निवृत्त केलं नाही.

छंदाचं राहिलंच. वाढदिवसाला आरामखुर्ची नको, चांगला पाइपपाना घेऊन द्या. बांधणी शिकायची म्हणाले तर कळवा, पद्धत सविस्तर लिहीन. फक्त मोरचूद विषारी असतो. घरात लहान मूल असेल तर खळीचं भांडं वेगळं ठेवा आणि फडताळात वरच्या कप्प्यात.