वॉशिंग्टन : आडनाव कुणाचं?

प्रश्न : अमेरिकेत मुलीकडे राहून आले. तिथे भेटलेली वॉशिंग्टन आडनावाची माणसं बहुतेक कृष्णवर्णीय होती. ती जॉर्ज वॉशिंग्टनच्या वंशातली का हो? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही बाई. जॉर्ज आणि मार्था यांना मूलबाळ झालंच नाही.

आडनाव आलं इंग्लंडच्या ईशान्येकडून. डरहॅमच्या बिशपच्या मुलखात वॉशिंग्टन नावाचं गाव होतं. हर्टबर्न गावच्या विल्यमनं आपलं गाव बिशपला देऊन बदल्यात हे घेतलं. बिशपच्या 1183 च्या महसुली दप्तरात, ‘बोल्डन बुका’त, या सौद्याची नोंद आहे : चर्च आणि चर्चची जमीन वगळून बाकी गाव विल्यमकडे, सारा चार पौंड. शिवाय बिशपची मोठी शिकार निघाली की चार ग्रेहाउंड कुत्रे घेऊन हजर व्हायचं! गावाबरोबर विल्यमचं आडनावही बदललं. आपल्याकडच्या एखाद्या ‘कर’नं असं केलं तर भाऊबंद काय म्हणतील, कल्पना करा.

पुढे घराण्याची एक शाखा दक्षिणेला गेली. त्यातल्या लॉरेन्सनं, हा लोकरीचा व्यापारी, 1539 मध्ये इंग्लंडमधल्याच सल्ग्रेव्ह गावची जमीन घेतली. आठव्या हेन्रीनं मठ मोडीत काढले होते, त्यांच्या मालमत्तेतली ती. जॉर्जचा पणजोबा जॉन 1650 च्या दशकात व्हर्जिनियात उतरला आणि तंबाखूच्या शेतीत स्थिरावला. ती शेती गुलामांच्या जिवावर चालायची.

आता तुमचा प्रश्न. मालकांच्या याद्यांत गुलामांचं बहुधा पहिलंच नाव असे. 1865 मध्ये गुलामगिरी संपली आणि कागदोपत्री आडनाव लागू लागलं. ते मालकाचंच चिकटलं, असं सरसकट म्हणतात. मला ते पटत नाही. पुष्कळांनी स्वतः निवडलं. 2000 च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे 1 लाख 63 हजार वॉशिंग्टन होते, त्यांतले शंभरात नव्वद कृष्णवर्णीय.

पुढे कृष्णवर्णीयांचा मोठा शिक्षणतज्ज्ञ झालेल्या बुकर टी. वॉशिंग्टनचंच बघा. गुलामीत जन्मलेला हा मुलगा शाळेत गेला, तेव्हा हजेरीत प्रत्येकाला निदान दोन नावं. याला एकच. आपली पाळी येईपर्यंत त्यानं ठरवून टाकलं आणि बिनदिक्कत सांगितलं, ‘बुकर वॉशिंग्टन’. सावत्र बापाचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं, आडनाव फर्ग्युसन! आईनं जन्मल्यावर आपलं नाव ‘बुकर तालियाफेरो’ ठेवलं होतं, हे त्याला मागाहून कळलं. मग तेही त्यानं मधे घातलं. त्याच्या नावातला ‘टी’ तो.