ओआरएस देऊनही जुलाब थांबत नाहीत, मग बंद करू का?

ताई, तुमचं बाळ १४ महिन्यांचं, कालपासून पाण्यासारखी शी, ओआरएस पाजलं की ओकतंय, म्हणून ते बंद करून जुलाब थांबवायचं औषध देऊ का, असं विचारलंय. नका देऊ. मोठी माणसं घेतात ती जुलाबाची गोळी तर चुकूनही नको, एवढ्याशा जिवाला ती धोक्याची आहे.

आणि ओआरएसने जुलाब थांबतच नाहीत हो, ते त्याचं कामच नाही. शीतून जे पाणी आणि क्षार चाललेत ते परत भरायचे, बास. जुलाब बहुतेकदा आठवड्याच्या आत आपोआप आटोक्यात येतात. तोवर शी मोजत बसू नका, सू होतेय का ते बघा. डायपरमध्ये पातळ शी असली की सू कळतच नाही, मी तर लेकीला सरळ जुन्या सुती कपड्यावर झोपवायचे.

माझी चूक सांगते, तुम्ही करू नका. लेक साधारण एवढीच असताना मी लिटरचं अख्खं पाकीट एका पेल्यात कालवलं, म्हटलं ही कुठे लिटरभर पिणारे आणि दाट केलं तर गुण पण लवकर येईल. डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, पाणी किती घेतलंत? मी हातानेच पेल्याएवढं माप दाखवलं आणि मग जे ऐकून घेतलं ते अजून लक्षात आहे. दाट झालं की रक्तातलं सोडियम वाढतं, ते जिवावर बेतू शकतं. त्या मापामागे कारण आहे, आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शोषले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं, जुलाब चालू असले तरी ही वाट चालू राहते. साखर जास्त झाली तर उलट पाणी आतड्यात ओढलं जातं, म्हणून ज्यूस, कोल्ड्रिंक नको. पाकिटावर पाणी किती लिहिलंय ते वाचा, १ लिटर तर १ लिटरच, उकळून गार केलेलं, पाकीट एकदम पूर्ण घालायचं आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.

ओकतंय कारण बहुतेक घटाघटा पितंय, तहान लागलेली असते ना. ओकलं की १० मिनिटं थांबा, मग दर दोन मिनिटांनी एक छोटा चमचा. कंटाळा येतो, हात भरून येतो, मी आणि नवरा रात्रभर आळीपाळीने बसलो होतो, पण ५ मिलीचा चमचा धरला तरी तासाला १५० मिली पोटात जातं. या वयाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली द्यायचं असतं, म्हणजे हिशोब बसतो. अंगावरचं दूध आणि नेहमीचं खाणं चालू ठेवा, पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवू नका. डॉक्टरांना झिंकचं विचारा, ६ महिन्यांपुढच्या मुलांना रोज २० मिग्रॅ, १० ते १४ दिवस देतात, मध्येच बरं वाटलं तरी सोडायचं नाही.

पण शीत रक्त दिसलं, सहा तास सू नाही, डोळे खोल गेलेत, बाळ मलूल पडलंय किंवा पीतच नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू जागेवर येते, किंवा चमच्याने दिलेलंही सगळं उलटून पडतंय, यातलं काहीही असलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच निघा. बाळ शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर वाटी-चमचा बरोबर घ्या, रस्त्यात पण पाजत राहा.