टिबुकलीने घरटे सोडले का?

प्रश्न : सोलापूरच्या कंबर तलावात पाणवनस्पतींच्या तरंगत्या ढिगावर टिबुकली हा छोटा पाणपक्षी बसायचा. आता नुसता ओला पाला दिसतो. घरटे सोडले असेल का?

उत्तर : बहुधा नाही. चाहूल लागताच टिबुकली चोचीने पाला अंड्यांवर ओढते आणि बुडी मारते. त्या कुजक्या पाल्यानेच पांढरी अंडी तपकिरी होतात. काठापासून लांब, आडोशाला अर्धा तास दुर्बीण घेऊन थांबा. पक्षी परतून पाला बाजूला सारताना दिसला, म्हणजे घरटे चालू आहे. कृपा करून काठीने पाला उचकू नका : उघडी अंडी कावळा टिपतो, उन्हातही तापतात. भोवतालचे पाणकणीसही उपटू नका, घरटे त्यालाच अडकवलेले असते. पिल्ले निघाली की आईबापांच्या पाठीवर, पिसांत बसलेली दिसतील; पिल्लांच्या डोक्यावरचे पट्टे बघा.