वाचकांचे प्रश्न : विद्यार्थ्यांना श्रीलंकेला नेताना

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतून आली आहेत आणि चारही विद्यार्थ्यांच्या श्रीलंका अभ्याससहलीविषयी आहेत. त्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : मी ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. अकरावीच्या तीस विद्यार्थ्यांना निसर्ग आणि संस्कृती यांच्या अभ्यासासाठी आठ दिवस श्रीलंकेला नेण्याचे ठरत आहे. सहल कंपनीने दिलेल्या आराखड्यात कोलंबो, सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, याला, गाले आणि बेंटोटा अशी सात ठिकाणे आहेत. सहल दिवाळीच्या सुट्टीत न्यावी, असे व्यवस्थापनाचे म्हणणे आहे. आपला सल्ला काय?

उत्तर : यांतील एकही ठिकाण वाईट नाही, परंतु आठ दिवसांत सातही ठिकाणे घेणे मला मान्य नाही. श्रीलंकेचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढे आहे, आणि नकाशावरचा हा लहानपणा फसवा आहे. डोंगराळ भागातले रस्ते वळणावळणाचे आणि गजबजलेले असल्याने कोलंबोहून कँडीपर्यंतचे जेमतेम एकशेपंधरा किलोमीटर जायला बसला तीन तासांहून अधिक वेळ सहज लागतो. सात ठिकाणांच्या आराखड्यात विद्यार्थ्यांचा रोजचा निम्मा दिवस बसमध्ये जाईल, आणि उरलेल्या वेळात ते छायाचित्रे काढून पुढच्या मुक्कामाकडे निघतील. अभ्याससहल म्हणायचे असेल, तर ठिकाणे तीन ठेवावीत : सिंहराजाचे पर्जन्यवन, कँडी आणि त्यालगतचे पेरादेनिया, आणि कोरड्या पट्ट्यातील पोलोन्नारुवा. एका ठिकाणी भरपूर पाऊस, दुसरीकडे डोंगर, तिसरीकडे वर्षातले कित्येक महिने कोरडे. तिन्ही ठिकाणी माणसांनी त्या त्या पावसाशी कसे जुळवून घेतले, हा एकच प्रश्न सहलभर विद्यार्थ्यांपुढे ठेवता येतो, आणि मग निसर्गाचा तास वेगळा, संस्कृतीचा तास वेगळा, अशी फाळणी करावी लागत नाही.

सिंहराजात किमान दोन रात्री राहावे, कारण पहिला दिवस पावसात गेला तरी दुसरा हाताशी राहतो. 1970च्या दशकात या अरण्यात प्लायवूडसाठी यंत्रांनी झाडतोड सुरू झाली होती. लोकांच्या विरोधामुळे ती थांबली, 1978 मध्ये अरण्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि 1988 मध्ये ते जागतिक वारसा यादीत आले. तेथील साठ टक्क्यांहून अधिक वृक्षजाती फक्त श्रीलंकेतच आढळतात. प्रशिक्षित वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही, आणि हे आपल्या पथ्यावरच पडते. तीस विद्यार्थ्यांचे तीन गट करावेत, प्रत्येक गटाला स्वतंत्र वाटाड्या घ्यावा आणि गटांमध्ये अंतर ठेवावे. या अरण्यातले पक्षी अनेकदा मिश्र थव्याने हिंडतात. नारिंगी चोचीचे सातभाई कलकलाट करत पुढे जातात, शेंडीवाला कोतवाल धोक्याचा इशारा देतो, आणि त्यांच्यासोबत इतर अनेक जाती खालच्या झुडपांपासून उंच फांद्यांपर्यंत आपापल्या थरात किडे टिपत सरकतात. वीस मिनिटे काहीच दिसत नाही आणि मग एकाएकी चहूबाजूंनी हालचाल सुरू होते. जो गट बोलत चालला आहे, त्याला हा थवा सापडत नाही. जो वाटेच्या कडेला गप्प बसला आहे, त्याच्या डोक्यावरून तो जातो.

अरण्याच्या कडेच्या गावांत एक सकाळ अवश्य द्यावी आणि ती एकाच झाडाला द्यावी. ते झाड म्हणजे कितुल, आपल्याकडचा भेरली माड. माशाच्या शेपटासारख्या पानांचा हा माड ठाण्यातल्या अनेक गृहसंकुलांच्या बागांत शोभेसाठी लावलेला दिसतो, पण त्यापासून काय मिळते, हे तेथून रोज जाणाऱ्यांना बहुधा माहीत नसते. सिंहराजाच्या परिसरात कितुलवर चढून त्याच्या फुलोऱ्याचा दांडा छाटतात, त्यातून थेंबथेंब पाझरणारा गोड रस मडक्यात धरतात आणि तो चुलीवर आटवून काकवी व गूळ करतात. छाट रोज ताजी करावी लागते, रस आंबण्याआधी उकळावा लागतो आणि आच सतत सांभाळावी लागते. म्हशीच्या दुधाच्या घट्ट दह्यावर ही काकवी घालून खाणे हा तेथील नित्याचा गोड पदार्थ आहे. दांडा छाटणाऱ्या माणसाला विद्यार्थ्यांनी विचारावे की झाड केव्हा तयार झाले हे त्याला कशावरून कळते, हे काम त्याला कोणी शिकवले आणि त्याची मुले ते शिकत आहेत का. वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र आणि घराघरांतून चालत आलेली विद्या एका झाडाखाली उभे राहून समजते. त्यांच्या वेळेचा आणि कामाचा योग्य मोबदला मात्र आधी ठरवून द्यावा.

पोलोन्नारुवात जुन्या राजधानीचे अवशेष पाहायचेच आहेत, परंतु सुरुवात पराक्रम समुद्रापासून करावी. बाराव्या शतकात पहिल्या पराक्रमबाहू राजाने विस्तारलेला हा जलाशय आजही शेतीला पाणी देतो. पावसाचा एकही थेंब लोकांच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्रात जाऊ नये, हे वचन त्याच राजाच्या नावावर सांगितले जाते. बंधाऱ्यावर उभे राहून पाणी कोठून येते आणि कोठे जाते याचा नकाशा विद्यार्थ्यांनी स्वतः काढला, की मग गल विहारातील खडकात कोरलेल्या बुद्धमूर्तींसमोर ते वेगळ्या समजुतीने उभे राहतात. हे सारे वैभव कोणत्या पाण्यावर पोसले गेले, हे त्यांना ठाऊक झालेले असते.

कँडीत दंतधातूचे, म्हणजे बुद्धाचा मानला जाणारा दात जपलेले, मंदिर आणि पेरादेनियाचे 1821 मध्ये स्थापन झालेले वनस्पती उद्यान, एवढे पुरे. चहाचा मळा पाहायचा असेल, तर त्याचा इतिहासही सांगावा. एकोणिसाव्या शतकात हे डोंगर कॉफीखाली होते. 1867 मध्ये जेम्स टेलर याने कँडीजवळच्या लूलकंदुरा मळ्यात व्यापारी तत्त्वावर चहा लावला, आणि 1869 पासून तांबेरा रोगाने कॉफी उद्ध्वस्त होत गेल्यावर मळेवाले चहाकडे वळले. मळ्यांवर राबण्यासाठी तामिळ प्रदेशातून मजूर आणले गेले आणि त्यांचे वंशज आजही तेथे पाने खुडतात. एका बुरशीने डोंगरांचे रूप आणि लाखो माणसांचे जगणे कसे बदलले, हे विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकापेक्षा तेथे लवकर उमगेल.

आता काळाविषयी. दिवाळीची सुट्टी या मार्गासाठी सोयीची नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तेथे दोन मोसमी पावसांच्या मधला काळ असतो, दुपारनंतर गडगडाटी पाऊस होतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागरातील वादळांमुळे पूर आणि डोंगराळ भागात दरडी कोसळण्याचा धोका असतो. सिंहराजासाठी जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ उत्तम असतो, म्हणून अकरावीच्या वेळापत्रकात जानेवारीचा शेवटचा आठवडा मिळतो का, हे व्यवस्थापनाशी बोलून पाहावे. एप्रिलमध्ये जायचे झाल्यास 13 आणि 14 एप्रिलच्या आसपास सिंहली आणि तामिळ नववर्ष असते, दुकाने बंद असतात आणि सारा देश गावाकडे निघालेला असतो, हे लक्षात ठेवावे. पौर्णिमेला, म्हणजे पोयाच्या दिवशी, तेथे सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी प्रवास न ठेवता सकाळी एखाद्या विहाराच्या आवारात बाजूला बसून पांढऱ्या वस्त्रांतील कुटुंबांची पूजा पाहावी.

प्रश्न : माझी मुलगी अशाच एका सहलीला जाणार आहे. आम्ही नेरुळला राहतो आणि घरात पूर्ण शाकाहारी आहोत. जंगलातील जळवा, डास, आजारपण आणि जेवण या सर्वांची काळजी वाटते. परवानगी द्यावी का?

उत्तर : द्यावी, मात्र आयोजकांना नेमके प्रश्न विचारून द्यावी. प्रथम जेवणाचे सांगतो. श्रीलंकेत शाकाहारी जेवण मुबलक मिळते. भात, नारळाच्या दुधातली मसूर डाळ, चिरलेल्या पालेभाजीत ओले खोबरे घातलेला मल्लुम आणि कोवळ्या फणसाची भाजी, जी कोकणातल्या कुयरीच्या भाजीची आठवण देते, हे सारे आपल्या मुलांना आवडेल. अडचण दिसत नाही तेथे आहे. उंबलकड नावाचा मालदीवचा सुका मासा कुटून तो खोबऱ्याच्या चटणीत, म्हणजे पोल सांबोलात, आणि पुष्कळदा भाज्यांतही चवीसाठी घालतात, आणि वाढणाऱ्याला तो मासा वाटतच नाही. त्यामुळे केवळ ‘शाकाहारी’ एवढे सांगून भागत नाही, ‘उंबलकड नको’ असे स्वयंपाकघरात आदल्या दिवशी स्पष्ट सांगावे लागते. आयोजकांना हा शब्द माहीत आहे का, हे विचारून पाहावे. त्यावरून त्यांची तयारी कळेल.

जळवा ओल्या अरण्यात असतातच आणि त्यांची भीती त्यांच्या उपद्रवापेक्षा मोठी असते. गुडघ्यापर्यंत येणारे घट्ट विणीचे कापडी मोजे विजारीवरून घालावेत. जळू चिकटलीच, तर घाईने ओढून न तोडता तिचे तोंड नखाने कडेने सरकवून काढावे आणि जखम साबण-पाण्याने धुवावी. तिच्या लाळेतील द्रव्यामुळे रक्त गोठत नाही, म्हणून बराच वेळ थोडे रक्त येत राहते आणि त्याने घाबरण्याचे कारण नसते. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये श्रीलंका हिवतापमुक्त जाहीर केली आहे. डेंग्यू मात्र तेथेही आहे आणि आपल्याकडेही. त्याचा डास दिवसा चावतो, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मलम दिवसा हवे. मंदिरांच्या आवारातील माकडांना आणि कुत्र्यांना हात लावू नये. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच रुग्णालय गाठावे आणि शिक्षकांपासून काहीही लपवू नये, हे मुलीला निक्षून सांगावे. तेथील मोफत रुग्णवाहिकेचा क्रमांक 1990 आहे, आणि भारताच्या मदतीने सुरू झालेली ही सेवा देशभर चालते. प्रवास विम्याची प्रत, औषधांची चिठ्ठी आणि मुलीची नेहमीची औषधे तिच्या हातातल्या पिशवीत असावीत, सामानाच्या बॅगेत नव्हे.

प्रश्न : आमच्या सहलीत हत्तीवर बसणे, हत्तीला आंघोळ घालणे आणि कासवांची पिल्ले हातात घेणे आहे. विद्यार्थी खूश आहेत. यात गैर काय? – खारघर

उत्तर : विद्यार्थ्यांचा आनंद खरा आहे, त्यामुळेच त्यांना कारण सांगून नकार द्यायला हवा. पाठीवर माणसे वाहण्यासाठी हत्तीला लहानपणापासून साखळी आणि अंकुशाच्या धाकाने वठणीवर आणलेले असते. त्याऐवजी उडवलवेचे हत्ती संक्रमण केंद्र पाहावे. 1995 मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात अनाथ पिल्लांना वाढवून पुन्हा रानात सोडतात, म्हणून पाहुण्यांना फक्त ठरलेल्या दूध पाजण्याच्या वेळी दुरून पाहू देतात आणि स्पर्श करू देत नाहीत. हा दुरावा का ठेवला आहे, यावर विद्यार्थ्यांशी तासभर बोलता येईल. कासवाच्या नवजात पिल्लांची शक्ती समुद्र गाठण्यासाठी राखलेली असते आणि हाताळण्यात ती खर्ची पडते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला पिल्ले समुद्राकडे जाताना दोरीमागे उभे राहून पाहिलेल्यांना हे सांगावे लागणार नाही. दक्षिणेकडील रेकवा किनाऱ्यावर रात्री अंडी घालायला येणारी कासवे पाहता येतात. तेथे विजेरी व फ्लॅश न वापरता, वाटाड्या सांगेल तेवढ्याच अंतरावरून पाहावे.

प्रश्न : मी ऐरोलीचा विद्यार्थी आहे. माझ्या वर्गातील अनेकांना या सहलीचा खर्च परवडत नाही. परदेशी जाण्याने खरोखर अधिक शिकायला मिळते का?

उत्तर : तुझा प्रश्न मला या चारांत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पश्चिम घाट आणि श्रीलंका यांना शास्त्रज्ञ एकच जैवविविधता-संपन्न प्रदेश मानतात. म्हणजे तुझ्या घराजवळून सुरू होणारा अभ्यासच तिकडे पुढे चालतो, आणि येथे न शिकलेल्याला तेथे फार काही दिसणार नाही. श्रीलंकेला जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांनी आधी दोन दिवस येथे एकत्र काम करावे, असे तुझ्या शिक्षकांना माझ्यातर्फे सांग. एक दिवस ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जाऊन खाडीतील खारफुटी आणि रोहित पक्षी पाहावेत. ठाणे खाडीचे हे अभयारण्य 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. दुसरा दिवस कान्हेरीच्या लेण्यांना द्यावा. तेथील भिक्षूंनी खडकात पन्हळी आणि पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, कोरून पावसाचे पाणी कसे साठवले, याचा नकाशा काढावा. पोलोन्नारुवातील जलाशयाचा नकाशा तुझ्या मित्रांनी काढून आणला, की दोन्ही नकाशे एकाच भिंतीवर लावून तुलना सर्वांनी मिळून करावी. सहलीतील प्रत्येकाने न आलेल्या एका मित्राचा प्रश्न वहीत लिहून न्यावा आणि त्याचे उत्तर शोधून आणावे. तुझा प्रश्न भेरली माडाविषयी असेल, तर निघण्यापूर्वी ते झाड आपल्या परिसरात शोधून त्याच्या फुलोऱ्याचे चित्र काढून ठेव आणि मित्राच्या वहीत चिकटवून दे.