तापीच्या पात्रात सापडलेला चोचीसारखा जड दगड चोचवाल्या देवमाशाचा असेल का? आणि या देवमाशांचे प्रकार ओळखतात कसे?

आधी दगडाचं: नाही. आपल्या खान्देशातला काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तेव्हा देवमासे जन्मालाच आले नव्हते. वरचा तापीचा गाळ नदीने आणलेला, समुद्राने नाही.

पण शंका खुळी नाही. १८०४ मध्ये फ्रान्सच्या फोस गावाजवळ मिळालेली अशीच एक कवटी पाहून कुव्हिएसारखा नावाजलेला फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ फसला. १८२३ मध्ये त्याने ती नामशेष प्राण्याची ठरवून झिफिअस नाव दिलं. तो झिफिअस म्हणजे चोचवाला देवमासाच, आजही जिवंत आहे आणि जवळजवळ तीन किलोमीटर खोल बुडी मारतो!

आता ओळख. गुरांच्या बाजारात बैलाचा जबडा उघडून दोनदाती, चारदाती बघतात ना, पहिली पायरी तशीच. फरक एवढाच की इथे दातावरून वय नाही, प्रजात कळते. झिफिअस आणि हायपरूडॉन हे गण (जवळच्या प्रजातींचे गट) दोनदाती, दात खालच्या जबड्याच्या टोकाला. मेसोप्लोडॉनही दोनदाती, पण बऱ्याच प्रजातींत दात टोकापासून मागे सरकलेले. बेरार्डिअस चारदाती. टास्मासीटसला मात्र वर-खाली दातांच्या पूर्ण रांगा. पेरू देशात मिळालेल्या मेसापिसीटस या जुन्या जीवाश्मालाही तशाच, म्हणजे दात कमी होणं ही या कुळातली नंतरची गोष्ट. गिळायचे माकूळ, तेही तोंडाने ओढून. चावायला दात हवेत कशाला? नरांचे उरले ते शिंगांसारखे, झुंजीला.

गोची अशी की माद्यांचे आणि पिलांचे दात बहुतेक प्रजातींत हिरडीबाहेर येतच नाहीत. मग बघतात कवटीचा माथा. नाकपुड्यांच्या मागे हाडं उंच उचललेली असतात, आणि त्यांची मांडणी गणागणिक वेगळी. झिफिअसमध्ये नाकाची हाडं छपरीसारखी पुढे झुकतात, मेसोप्लोडॉनमध्ये ती शेजारच्या हाडांच्या उंचवट्यांत दबून बसतात. हायपरूडॉनच्या नराच्या वरच्या जबड्यावर हाडाच्या दोन जाड भिंतीच उभ्या.

चोचीबद्दलही सांगतो. मेसोप्लोडॉनच्या एका प्रजातीतल्या नराची चोच म्हणजे माहीत असलेल्या हाडांत सर्वांत घट्ट हाड. असलं हाड समुद्रतळाशी टिकतं, म्हणून दक्षिण आफ्रिकेजवळ मच्छीमारांच्या जाळ्यांत जीवाश्म कवट्या वर आल्या.

तुमच्या दगडाची कड ताजी फोडून भिंगाखाली बघा. आत हाडाची जाळी नसेल, नुसते काळे-करडे कण असतील, तर तो पाषाणच. फोटो टाका, सांगतो.