चाब्यांच्या गुच्छ्याला टॉर्च लावायचा, तर कोणता? वाचकांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की टॉर्चबद्दल विचारणारी पत्रं वाढतात. यावेळी बहुतेकांनी चाबीला अडकवायच्या छोट्या टॉर्चबद्दलच विचारलंय, म्हणून सगळी एकत्र घेतली.

प्रश्न : दादा, मी बेसाले राहतो अन् बुटीबोरी एमआयडीसीत सेकंड शिफ्ट करतो, घरी याले रात्रीचे बारा-साडेबारा होतात. जिन्यातला लाइट कधी असतो कधी नसतो, पावसाळ्यात तर लाइनच जाते, आणि नेमका तेव्हाच मोबाईल तीन-चार टक्क्यांवर असतो. चाबीले लावाचा टॉर्च घ्याचा विचार करून राहिलो. बर्डीवर चाळीस-पन्नास रुपयांचे दिसले, ऑनलाइन दोन-अडीच हजारांचे पण आहेत, काहींवर तर दहा हजार लुमेन लिहिलंय. एवढा फरक कशाचा? काय पाहून घ्यावं?
– एक वाचक, बेसा

उत्तर : भाऊ, लुमेनचं, म्हणजे टॉर्च एकूण किती उजेड देतो त्या मापाचं, नंतर पाहू, पहिले हे पाहा की आत सेल कोणता आहे. चाबीचा टॉर्च रोज वापरात नसतो, दोन-दोन महिने नुसता खिशात लटकत राहतो आणि मग एका रात्री त्याची एकदम गरज पडते, आणि त्या रात्री तो लागला नाही तर त्याच्यावर किती लुमेन छापलेत याने तुम्हाला काय फरक पडणार. माझं म्हणणं असंय की या टॉर्चची परीक्षा दुकानात पहिल्या दिवशी होत नाही, सहा महिने पडून राहिल्यावर होते, आणि तिथे पास-नापास सेलच ठरवतो.

बाजारात तीन प्रकार दिसतील. चाळीस-पन्नास रुपयांच्यात बटन सेल असतात. वजन काहीच नाही, पण उजेड पहिल्याच काही मिनिटांत उतरायला लागतो, आणि नवीन सेल घ्यायला गेलात की तेवढ्यात दुसरा टॉर्चच येतो, म्हणून लोक फेकून देतात. दुसरा प्रकार आतच चार्जिंगची बॅटरी असलेला, मोबाईलच्या वायरने चार्ज होणारा. नाइटकोरचा ट्यूब त्यातलाच, वजन 9.6 ग्रॅम, खिशात आहे की नाही ते कळतही नाही. ज्याला दर महिन्याला आठवणीने चार्ज करायची सवय आहे त्याने हा बिनधास्त घ्यावा. पण तुम्ही स्वतःच लिहिता की मोबाईल तीन टक्क्यांवर येतो, मग आणखी एक चार्ज करायची वस्तू मागे लावून घेऊ नका असं मला मनापासून वाटतं. शिवाय ती बॅटरी बदलता येत नाही, दोन-चार वर्षांनी थकली की टॉर्चच संपला.

तिसरा प्रकार म्हणजे टीव्हीच्या रिमोटमध्ये जातो तो बारका सेल, ट्रिपल ए, त्यावर चालणारा. तुम्हाला मी हाच सांगेन. लांबीला बोटाएवढा होतो, पण सेल कोणत्याही पानठेल्यावर, किराणा दुकानात, रात्री बारालाही बस स्टँडवर मिळतो, आणि अगदीच काही नाही तर घरच्या रिमोटमधला काढून टाकता येतो. ओलाइटचा आय थ्री ई, थ्रूनाइटचा टी आय थ्री हे या जातीतले नावाजलेले टॉर्च. आय थ्री ई मध्ये एकच मोड, 90 लुमेन, डोकं पिळलं की लागतो, बस. टी आय थ्री मध्ये कमी-जास्त मोड आहेत. अशा डोकं पिळायच्या टॉर्चचा आणखी एक फायदा सांगतो जो दुकानदार सांगत नाही. बऱ्याच बटनवाल्या टॉर्चमध्ये बटन इलेक्ट्रॉनिक असतं, ते तुमच्या दाबण्याची वाट पाहत सतत थोडा थोडा करंट घेत राहतं, टॉर्च बंद असला तरी. पिळायच्या टॉर्चमध्ये बंद म्हणजे सर्किटच तुटलेलं, सेल खर्चच होत नाही. फक्त दोन आटे सैल करून ठेवा, म्हणजे खिशात दबून आपोआप लागणार नाही.

आता त्यात सेल कोणता टाकायचा. साधा लाल-निळा स्वस्तातला झिंक कार्बन सेल टाकू नका, त्याची ताकद कमी आणि संपत आला की फुटून गळायची भीती. अल्कलाइन सेल ताकदीला चांगला, पण तोही संपल्यावर आतच राहिला तर गळतो, आणि एवढ्याशा ॲल्युमिनियमच्या नळीत गळला की असा चिकटून बसतो की टॉर्च गेल्यात जमा. म्हणून रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड घ्या, तोसुद्धा कमी सेल्फ-डिस्चार्जवाला, म्हणजे नुसता पडून राहिला तर लवकर न उतरणारा, पॅनासॉनिकचा एनेलूप वगैरे. व्होल्टेज 1.2 असतं, 1.5 नाही, पण चांगल्या टॉर्चचं सर्किट ते सांभाळून घेतं, आणि वर्षभर पडून राहिला तरी बराचसा चार्ज धरून ठेवतो. चार्ज करायचाच नसेल तर 1.5 व्होल्टचा लिथियम ट्रिपल ए मिळतो, महाग आहे पण अल्कलाइनसारखा गळत नाही, वजनाला हलका, आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. एक मात्र सांभाळा, 10440 नावाचा सेल अगदी याच मापाचा दिसतो पण तो 3.7 व्होल्टचा असतो, टॉर्चच्या कागदावर चालतो असं लिहिलं नसेल तर टाकू नका, सर्किट जळू शकतं.

आणि आता तुमचे ते दहा हजार लुमेन. याला मोठा हिशोब लागत नाही. एका ट्रिपल ए सेलमध्ये साधारण 1 वॅट-तास ऊर्जा असते. चांगली पांढरी एलईडी 1 वॅटमध्ये साधारण 100 लुमेन देते. म्हणजे 100 लुमेनवर हा टॉर्च जास्तीत जास्त तासभर, 10 लुमेनवर पाच-सात तास किंवा थोडं वर, सर्किटमध्ये थोडं जातंच. मग बोटाएवढ्या टॉर्चमध्ये दहा हजार लुमेन कुठून येणार, येतील तर तो हातात धरवणार नाही इतका तापेल. असा आकडा दिसला की तो टॉर्च खालीच ठेवा, कारण ज्याने लुमेन खोटे लिहिले तो वॉटरप्रूफही खोटंच लिहिणार. खरं लिहिणाऱ्या कंपन्या डब्यावर एफएल 1 ची खूण छापतात, ते टॉर्चचा उजेड आणि रनटाइम मोजायचं 2009 पासूनचं अमेरिकन स्टँडर्ड आहे. त्यातही रनटाइम वाचताना लक्षात ठेवा की तो उजेड सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंत मोजलेला असतो. डब्यावर तीन तास लिहिलंय म्हणजे तीन तास तसाच झगझगीत उजेड मिळेल असं नाही.

तुमच्या कामाला किती लागतो? कुलपाचं भोक शोधायला आणि जिना चढायला 5 ते 10 लुमेन भरपूर झाले, डोळे अंधाराला सरावलेले असतात तेव्हा. गाडी लावल्यावर पार्किंगच्या कोपऱ्यात काही हललं तर पाहायला 80-100 असले की झालं. डोळ्याला उजेड दुप्पट वाटायला प्रत्यक्षात साधारण चौपट लागतो, म्हणून 90 आणि 120 यात जास्तीचे पैसे देण्याएवढा फरक दिसत नाही. पाण्याचं मात्र पाहा, आयपीएक्स म्हणजे पाणी किती अडवतो त्याचा आकडा, तो 7 किंवा 8 असेल तर उत्तम, 7 म्हणजे 1 मीटर पाण्यात अर्धा तास. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन लोकांच्या घरात पाणी शिरलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, अशा वेळी टॉर्च पाण्यात पडला तरी चालत राहिला पाहिजे.

प्रश्न : मी नर्स आहे, नाइट ड्युटी असते. पेशंटची झोप न मोडता सलाइन पाहायला, नस शोधायला टॉर्च हवाय. घरी दोन वर्षांचा मुलगा आहे आणि चाब्या त्याचं आवडतं खेळणं आहे.
– एक वाचक, हनुमाननगर

उत्तर : ताई, मुलाचं आधी. बटन सेलचा टॉर्च घरात आणू नका, आणि असेल तर आजच काढा. नाण्यासारखा तो सीआर 2032, 20 मिलिमीटरचा, लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकायला अगदी मापाचा असतो, आणि अडकला की ओलाव्यात करंट वाहून तिथे तीव्र क्षार तयार होतो, दोन तासांत गंभीर भाजू शकतं. सेल फुटायची गरजही नसते, वापरून संपलेल्या सेलमध्येही तेवढा करंट उरलेला असतो. तुम्हाला हे माहीत असेलच, पण बाकी वाचकांसाठी लिहितो, मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करायला लावू नका, सकाळची वाट पाहू नका, मेडिकल असो की मेयो, जो सरकारी दवाखाना जवळ असेल तिथे जाऊन लगेच एक्स-रे काढायला सांगा. चाबीचे स्वस्त टॉर्च, गाण्याची ग्रीटिंग कार्डं, वजनकाटे, सगळ्यात हेच सेल असतात आणि झाकणं नखाने उघडतात, म्हणून जरा जोर देऊन लिहितोय.

वॉर्डासाठी सगळ्यात कमी मोड महत्त्वाचा. 1 लुमेनच्या आतला मोड असलेला घ्या, आणि लावल्यावर पहिला तोच लागला पाहिजे, आधी झगझगीत आणि मग मंद असा क्रम असेल तर पेशंट उठलाच म्हणून समजा. थ्रूनाइटच्या टी आय थ्री मध्ये सुरुवातीचा मोड 0.04 लुमेनचा आहे, काळ्याकुट्ट वॉर्डात सलाइनचे थेंब मोजायला तो जवळ धरून पुरतो. नस आणि त्वचेचा रंग पाहायचा तर मात्र सीआरआय पाहा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा. साधी पांढरी एलईडी म्हणजे निळी एलईडी आणि तिच्यावर पिवळट फॉस्फर, त्यात लाल रंग कमी पडतो, त्वचा फिकट दिसते आणि लालसरपणा नीट कळत नाही. सीआरआय 90 च्या वर असलेला, थोडा पिवळसर उजेडाचा टॉर्च घेतलात तर रंग खरे दिसतील. उजेड थोडा कमी मिळतो पण तुमच्या कामात मी रंगच निवडेन. आणि पेशंटच्या डोळ्याच्या बाहुल्या पाहायला हा टॉर्च जास्त मोडवर कधीच वापरू नका, त्यासाठी पेनटॉर्चच ठेवा.

प्रश्न : आमची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. शेतीची लाइन रात्रीची आली की बाबा मोटर चालू करायला जातात. त्यांच्या चाबीला असा टॉर्च लावून दिला तर चालेल का?
– एक वाचक, काटोल

उत्तर : लावून द्या, पण त्याच्या भरवशावर पाठवू नका. तुमच्या बाबांना दोन टॉर्च पाहिजेत, हातात मोठा आणि चाबीला हा, मोठा बंद पडला तर घरी यायला.

मोठा घेताना दुकानदार पाचशे मीटर लांब जाणारा दाखवेल. लांबीचा आकडा कसा निघतो ते माहीत असू द्या. जिथे उजेड फक्त 0.25 लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उरतो, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, ते अंतर डब्यावर लिहितात. कॅन्डेलाचं, म्हणजे झोताच्या मधल्या तीव्रतेच्या आकड्याचं, वर्गमूळ काढून दुप्पट केलं की तोच आकडा येतो, 400 कॅन्डेलाच्या छोट्या टॉर्चला 40 मीटर, 10,000 कॅन्डेलाला 200 मीटर. पण बागेत बाबांना दोनशे मीटरवरचं झाड पाहायचं नाहीये, पुढच्या चार-पाच पावलांवर काय आहे ते पाहायचंय. मण्यार रात्रीच फिरतो, घोणस बांधाच्या गवतात पडून असते आणि मातीच्या रंगात मिसळून जाते. त्यासाठी पसरट उजेड पाहिजे, अरुंद झोत नाही, झोताच्या बाहेरचं उलट आणखी काळं दिसतं. 18650 सेलवाला (हा बोटाहून जाड, चार्ज होणारा लिथियम सेल), दोनशे-तीनशे लुमेन दोन-तीन तास टिकवणारा, पसरट उजेडाचा टॉर्च घ्या. गमबूट आणि काठी सोबत राहू द्या, मोटरच्या पेटीत हात घालायच्या आधी आत उजेड मारून पाहायचं हे बाबांना नक्की सांगा, आणि त्या वेळी दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून कपाळावर लावायचा हेडलॅम्प जमला तर सगळ्यात उत्तम, मोठ्या टॉर्चऐवजी तोच घेतला तरी माझी हरकत नाही.

प्रश्न : कारच्या चाबीला टॉर्च लावला तर जड होतो, म्हणून डॅशबोर्डच्या खणात ठेवते. चालेल ना?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : पावसाळा-हिवाळ्यात चालेल. मे महिन्यात बाहेर 45 असताना उन्हात उभी बंद कार आतून 60 च्या वर सहज जाते, आणि 60 ही बहुतेक सेलची शेवटची मर्यादा असते. चार्जिंगवाला असेल तर बॅटरी लवकर म्हातारी होते आणि फुगूही शकते, अल्कलाइन असेल तर गळतो. उन्हाळ्याचे तीन महिने पर्समध्ये ठेवा.

प्रश्न : माझा टॉर्च उघडला तर आत पांढरी पूड जमलीय, लागत नाही. फेकू का?
– एक वाचक, महाल

उत्तर : काका, थांबा, फेकू नका. अल्कलाइन सेल असेल तर ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येऊन सुकलेलं आहे. हातात ग्लोव्हज घाला, डोळे सांभाळा. सेल निघत असेल तर काढा, कान साफ करायच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून ती पूड पुसा, थोडं फसफसेल, मग ओल्या काडीने आणि शेवटी कोरड्या काडीने, आणि दिवसभर उघडा वाळू द्या. आतला स्प्रिंग गंजून काळा पडला असेल तर सँडपेपरने हलकेच घासा. आटेही कापडाने पुसून घ्या, पिळायच्या टॉर्चमध्ये करंट आट्यांतूनच जातो आणि आपल्याकडच्या धुळीने तेवढ्यानेही टॉर्च लुकलुकतो. सेल आतच फुगून अडकला असेल तर मात्र ठोकून किंवा तापवून काढायला जाऊ नका, तेव्हा नवीनच घ्या.

प्रश्न : विमानात नेता येतो का?
– एक वाचक, सोमलवाडा

उत्तर : येतो. चाबीसकट हँडबॅगेतच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. वेगळे लिथियम सेल सोबत असतील तर तेही केबिनमध्येच न्यायचे, प्रत्येक सेल प्लास्टिकच्या डबीत, म्हणजे टोकं चाब्यांना किंवा नाण्यांना लागणार नाहीत.